गोतरणीपुढे तुम्ही

साल 1800च्या आसपासचं. रतनवाडीच्या रानाला आषाढाचा पाऊस झोडपतोय. भंडारदऱ्याचं धरण व्हायला अजून शंभराहून जास्त वर्षं आहेत. प्रवरा मोकळी धावतेय. तुम्ही महादेव कोळी आहात आणि जातीचा नेम मोडल्याचा आळ तुमच्यावर आलाय.

तुम्हाला न्यायला सबला आलाय. गावोगाव फिरून कोण कसं वागतंय याची खबर काढणं हे त्याचं काम. तो तुम्हाला गोतरणीपुढे, म्हणजे जातपंचायतीपुढे उभं करतो. समोर रगतवान, तिचा प्रमुख. शेजारी त्याचा मदतनीस मेटल. चौकशी संपेपर्यंत तुमच्या पंगतीला कुणी बसायचं नाही, असा हुकूम सुटतो.

निकाल विरुद्ध जातो. तुम्ही हट्टाला पेटता : "नाही मानत, जा!"

मग पंचायतीचा ढाल्या येतो आणि तुमच्या दाराशी जांभळाची फांदी ठेवतो. ना मार, ना बेडी. पण सकाळी चूल विझलेली असते आणि शेजारची वहिनी विस्तव द्यायला नाही म्हणते. भाताची रोपं आवणीला आलीत. सावडीला एक माणूस फिरकत नाही. गुडघाभर चिखलात तुम्ही आणि बायको, दोघंच. अर्धं खाचर लागेस्तोवर अंधार पडतो.

एवढ्यानं नमला नाहीत तर पंचायतीचा हाडक्या मेलेल्या जनावराचं हाड दाराला बांधेल. मग तुम्ही जातीबाहेर.

पण परतीची वाटही ठरलेली आहे. चूक कबूल केलीत की मडक्या येतो, घरातली मातीची भांडी बाहेर काढतो, घर शुद्ध करवून घेतो. तुम्ही पुन्हा पंगतीत.

कंपनी सरकारच्या कॅप्टन मॅकिन्टॉशने 1830च्या दशकात ही रीत टिपून ठेवली.

आता रतनवाडीच्या आजच्या अकोले तालुक्यात या. तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे रूढीप्रमाणे तंटे मिटवण्याची पद्धत जपण्याचा ग्रामसभेचा अधिकार 1996च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याने मान्य केलाय. दुसरीकडे, 2017पासून महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे. पंचांपुढे जिचं म्हणणं कुणी ऐकलंच नसतं, अशा बाईच्या बाजूने पाहिलं तर हे फार बरं झालं. मात्र निकाल लागल्यावर भांडलेल्या दोघांना एका पंगतीला बसवणं कोर्टाच्या कामात येत नाही. धाक न घालता ते साधायचं, तर ग्रामसभेलाच पुढे व्हावं लागेल.