कोंबडीला हक्क, कोंबड्याला नाही

परवा फोनवर मावशीने विचारलं, "तिकडे इंग्लंडात परसात कोंबड्या पाळू देतात का गं?" मी "हो" म्हणून मोकळी झाले, पण त्या एका 'हो'मागे बराच इतिहास आहे. म्हटलं, लिहूनच टाकावा.

आमच्या गल्लीतली घरं १९३० च्या दशकातली. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इथे चाळीस लाखांच्या आसपास घरं बांधली गेली, त्यांतलीच. अशा कित्येक घरांच्या कागदपत्रांत एक अट सापडते: या जागेत डुकरं, कोंबड्या पाळायच्या नाहीत. आमच्याही आहे. घाण आणि वास ही कारणं खरीच, पण मला त्यात आणखी काही दिसतं. परसात खुराडं म्हणजे गरिबाघरची खूण. नव्या वस्तीत कर्ज काढून घर घेणाऱ्या कारकुनाला, मास्तराला तीच खूण मागे टाकून यायचं होतं.

मग १९३९ साली युद्ध सुरू झालं. अंडी बरीचशी बाहेरून यायची, कोंबड्यांचं खाद्यही. जहाजांत त्यासाठी जागा उरली नाही. १९४१ पासून माणशी आठवड्याला साधारण एक अंडं मिळू लागलं, तेही आलं तर! पुढे अमेरिकेतून अंड्याची भुकटी आली. आणि कालपर्यंत जे खुराडं लाजिरवाणं होतं, ते आता देशसेवा ठरलं. सरकारच सांगू लागलं, कोंबड्या पाळा.

पण फुकट नाही हं. कोंबड्या पाळायच्या तर रेशनच्या अंड्यावर पाणी सोडायचं. त्या बदल्यात सरकार भरडा देणार. बटाट्याची सालं, घरातलं उरलंसुरलं शिजवून त्यात तो कालवायचा आणि कोंबड्यांना घालायचा. आता विचार करा, घरात लहान पोरं आहेत आणि तुम्ही हातचं अंडं सोडून देताय. कोंबडी काही रेशनकार्ड बघून अंडी देत नाही. पिसं झडायला लागली की थांबते, दिवस लहान झाले की थांबते, खुडूक झाली की बसून राहते. एखाद्या रात्री कोल्हा आला की सगळाच कारभार आटोपला. तरी असंख्य घरांनी हा जुगार खेळला.

युद्ध संपलं, पण रेशन संपलं नाही. अंड्यांवरचं नियंत्रण १९५३ साली उठलं. त्याआधी, १९५० साली, ॲटलींच्या मजूर सरकारच्या काळात 'अलॉटमेंट्स ॲक्ट' झाला. त्याच्या बाराव्या कलमात म्हटलंय की, घराच्या करारात काहीही लिहिलेलं असो, आपल्या जागेत कोंबड्या आणि ससे पाळता येतील, त्यांच्यासाठी खुराडंही उभारता येईल. फक्त धंदा करायचा नाही, आणि कुणाच्या आरोग्याला बाधा किंवा शेजाऱ्यांना उपद्रव व्हायला नको. म्हणजे आमच्या कागदावरची अट कोंबड्यांपुरती तेव्हापासून नुसती शाई! डुकरांना मात्र या कलमात जागा नाही. कोंबड्यालाही नाही. त्याला पाळायला सरसकट बंदी नाही, पण हक्कही नाही. अंडी द्यायला त्याची गरज नाही आणि पहाटे चारला आरवतो, आणखी काय!

ते कलम आजही आहे. पण भोवतालचे नियम उलटे फिरलेत. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली आणि त्यानंतर जनावरांना खरकटं घालण्यावर बंदी आली. युद्धात ज्या सालींची बादली भरा म्हणून सांगत होते, तीच साल आता स्वयंपाकघरातून गेली असेल तर परसातल्या कोंबडीलाही घालता येत नाही. अपवाद फक्त पूर्ण व्हीगन घराचा. आपलं शाकाहारी घरसुद्धा त्यात बसत नाही, कारण दूध-तूप आहेच :)

पुढे बर्ड फ्लू. ७ नोव्हेंबर २०२२ पासून इंग्लंडभर हुकूम निघाला की सगळे पाळीव पक्षी बंदिस्त ठेवा, दोन कोंबड्या असल्या तरी. तो १८ एप्रिल २०२३ ला उठला. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी असली तरी तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

तेव्हा मावशी, उत्तर 'हो'च आहे. दोन घरं सोडून एकांच्या तीन कोंबड्या आहेत, तिन्हींची नोंद झालेली आहे. आपल्या आजीच्या कोंबड्यांना कागद माहीतच नव्हता, मुंगूस मात्र चांगलं माहीत होतं.