मसीहाची वाट आणि कोकणातले बेने इस्रायल

‘मलिदा’ हा शब्द आपल्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नियाज-फातिहा असली की चपाती कुस्करून, तूप-गूळ घालून केलेला मलिदा आपली लहान मुलेही ओळखतात. पण हाच शब्द अलिबाग-पनवेलकडचे यहुदीही पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत, हे नळदुर्ग-परंड्याकडच्या थोड्याच मंडळींना ठाऊक असेल. त्यांच्या मलिद्याच्या ताटात भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर आणि सुका मेवा असतो, सोबत फळे असतात. घरात लग्न ठरले, नवस फिटला, आजारी माणूस उठून बसला की हे ताट मांडायचे आणि ज्यांची आठवण करायची ते पैगंबर म्हणजे एलियाहू हनाबी. कुरआन शरीफमध्ये ज्यांचा उल्लेख हजरत इलियास अलैहिस्सलाम या नावाने येतो, तेच हे.

बेने इस्रायल लोकांनी इतक्या पैगंबरांमधून नेमके यांनाच का धरले? यहुदी श्रद्धेनुसार एलियाहूंना मृत्यू आला नाही. ते अग्निरथातून वर नेले गेले, आणि मसीहा येण्यापूर्वी त्याची वर्दी घेऊन तेच परत येणार आहेत. म्हणजे मलिद्याच्या ताटामागे मसीहाची प्रतीक्षा आहे.

‘मसीहा’ हा शब्द आपल्याही ओळखीचा. आपण हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना मसीह म्हणतो. ख्रिस्ती लोकही त्यांनाच मसीहा मानतात. यहुदी मात्र म्हणतात की मसीहा अजून यायचा आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ तेलाने अभिषेक केलेला. त्यांचा मसीहा हा हजरत दाऊदांच्या वंशातला, माणसाच्या पोटी जन्मलेला राजा. तो देव नव्हे, देवाचा पुत्र नव्हे, इतरांची पापे आपल्या शिरावर घेणाराही नव्हे. विखुरलेल्या आपल्या लोकांना तो एकत्र आणील, जेरुसलेमचे मंदिर उभे राहील आणि युद्धे थांबतील. त्यांच्या प्राचीन ग्रंथात हाच शब्द एकदा चक्क इराणचा बादशहा सायरस याला लावला आहे. सायरस यहुदी नव्हता, पण इ.स.पूर्व सहाव्या शतकात बाबिलोनच्या बंदिवासातून त्याने यहुद्यांना मायदेशी परत जाऊ दिले. सारी गोम इथेच आहे. जो सोडवतो, तो मसीहा.

म्हणून ‘मोक्ष’ हा मराठी शब्द येथे फसवा ठरतो. जन्ममरणाच्या फेऱ्यातून एकट्या जिवाने सुटणे, हा अर्थ यहुद्यांच्या मनात नाही. त्यांच्या दृष्टीने तारण म्हणजे सुटका, आणि तीही साऱ्या समाजाची, याच पृथ्वीवर. हजरत मूसांनी फिरऔनच्या गुलामीतून लोकांना बाहेर काढले, ती या सुटकेची पहिली खूण. ती रात्र ते दरवर्षी घरात साजरी करतात. त्यासाठीची पोथी १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली, तिच्या चित्रांतल्या बायका साड्या नेसलेल्या आहेत! एकेका माणसाच्या पापाचे म्हणाल, तर त्यावर उपाय तौबा आणि सत्कृत्य. मध्यस्थाची गरज नाही. परलोकात वाटा मिळण्यासाठी यहुदीच असले पाहिजे असेही नाही. इतर कौमांतल्या सज्जनांनाही तो मिळतो, असे त्यांचे आचार्य सांगतात.

या आचार्यांत सर्वांत थोर मूसा बिन मैमून. कुर्तुब्यात ११३८ च्या सुमारास जन्मलेला हा विद्वान पुढे काहिऱ्यात सुलतान सलाहुद्दीनच्या दरबारी हकीम होता. यहुदी धर्माची तेरा तत्त्वे त्याने अरबी भाषेत मांडली. मसीहा येईलच आणि कितीही उशीर झाला तरी त्याची वाट पाहायची, हे त्यांतले बारावे. मसीहाने चमत्कार करून दाखवलेच पाहिजेत असे नाही, जग आपल्या नियमाप्रमाणे चालत राहील, असेही त्याने बजावले. बजावण्याला कारण होते. इ.स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाला मसीहा समजून लोक रोमशी लढले आणि चिरडले गेले. पुढे १६६५ मध्ये इझमीरच्या सब्बताई झेवीने स्वतःला मसीहा म्हणवले, घरेदारे विकून लोक जेरुसलेमला निघण्याच्या तयारीला लागले, आणि १६६६ मध्ये उस्मानी सुलतानासमोर त्याने इस्लाम स्वीकारला.

कोकण या खळबळीपासून दूर होते. नवगावजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातले खंडाळा नव्हे) एका खडकावर खुणा आहेत. त्या एलियाहूंच्या रथाच्या, असे ते मानतात. सुटका हा शब्द त्यांच्यातल्या सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांच्या आयुष्यात अक्षरशः उतरला. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैदी ‘बनी इस्राईल’ आहेत हे कळताच टिपूच्या आईने, कुरआनात यांचे नाव आहे म्हणून, रदबदली केली असे सांगतात. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत प्रार्थनास्थळ बांधले. त्याचे नाव ‘दयेचे द्वार’. बेने इस्रायल त्याला ‘मशीद’च म्हणत, आणि मसजिद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे मानले जाते.

शंभर वर्षांनी प्रश्न उभा राहिला. १८९७ मध्ये बाझेलला पहिली झायोनवादी परिषद भरली, तिचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांना आले. त्यांनी ते नाकारले. परत नेणे हे ईश्वराचे काम आहे, आम्ही त्याच्याच हाताची वाट पाहतो, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते त्या काळच्या दृष्टीने ही भूमिका सुसंगत होती, भित्री नव्हती.

तरीही १९४८ नंतर मसीहा येण्याआधीच बहुसंख्य निघून गेले. तिथे त्यांना विचारण्यात आले की तुम्ही खरे यहुदी कशावरून? १९६१-६२ मध्ये त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी लागू झाली. हजारो मैलांवरून ‘आपल्या’ देशी गेलेल्या माणसांना हे केवढे लागले असेल! त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर धर्मगुरूंनाही तो हुकूम बदलावा लागला.

महाराष्ट्रात आज ते थोडेच उरले आहेत. लोद, रामला, दिमोना या इस्रायली गावांतल्या त्यांच्या घरी मात्र अजून पोह्या-नारळाचा मलिदा होतो, आणि ताटाभोवती बसलेली मंडळी एलियाहू हनाबींना हाक घालतात.