आयरिश गाण्यांची चाल आणि भाषा

सन १७९२ च्या जुलै महिन्यांत आयर्लंडच्या उत्तरेकडील बेलफास्ट शहरीं एका सभागृहांत दहा आयरिश वादक जमले होते. त्यांचें वाद्य हार्प. हें आपल्याकडील वीणेहून निराळें असतें. तिकोनी लांकडी चौकटींत उभ्या तारा ताणलेल्या असतात, आणि वादक तें खांद्याशीं टेकवून दोन्ही हातांनीं छेडतो. त्या दहांपैकीं सहा जण अंध होते. एकच स्त्री होती, रोझ मूनी, तीही अंधच. सर्वांत लहान वादक पंधरा वर्षांचा, तर सर्वांत वृद्ध जो डेनिस हेम्पसन, त्याचें वय सत्त्याण्णव असल्याचें सांगत. इतर सर्व वादक बोटांच्या अग्रांनीं तारा छेडीत. हेम्पसन मात्र जुन्या पद्धतीप्रमाणें वाढविलेल्या नखांनीं धातूच्या तारा वाजवी. ती पद्धत जाणणारा तोच काय तो शेवटचा उरला होता.

या मंडळींस एकत्र आणण्याचें कारण असें. पूर्वीं प्रत्येक आयरिश सरदाराच्या घरीं एक कवि व एक हार्पवादक असे, आणि कवीच्या काव्यास वादकाच्या सुरांची साथ असे. सन १६०१ मध्यें किन्सेलच्या लढाईंत आयरिश सरदारांचा इंग्रजांकडून पराभव झाला. सहा वर्षांनीं त्यांतील प्रमुख सरदार देश सोडून गेले आणि ती व्यवस्था मोडली. वादकांचा आश्रय गेला. ते घोड्यावर बसून, सोबतीला एखादा मुलगा घेऊन, या वाड्यावरून त्या वाड्यावर फिरूं लागले. दीडदोनशें वर्षें हें असें चाललें. अखेर बेलफास्टमधील कांहीं सुशिक्षित गृहस्थांच्या ध्यानांत आलें कीं, हे वृद्ध गेले म्हणजे त्यांच्या हातांतील चालीही जातील. त्यांनीं वर्गणी जमविली, बक्षिसें ठेविलीं व वादकांस आमंत्रणें धाडिलीं. पुढें क्रांतिकारक म्हणून प्रसिद्धीस आलेला वुल्फ टोन याही त्या सभेस हजर होता. त्यास हें वादन अगदीं कंटाळवाणें वाटलें, असें त्याच्या रोजनिशीवरून दिसतें. देशभक्तास गाण्याचा कान असतोच असें नाहीं.

चाली टिपून घेण्याचें काम एडवर्ड बंटिंग नांवाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाकडे सोंपविलें होतें. तो चर्चमध्यें ऑर्गन वाजवी. वादकानें जें वाजविलें तेंच लिहावयाचें, पदरचा एकही सूर घालावयाचा नाहीं, अशी त्यास ताकीद होती. काम चार दिवसांचें. परंतु त्या चार दिवसांनीं त्याचें सारें आयुष्य व्यापिलें. सभा संपल्यावर तो हेम्पसनच्या घरीं जाऊन त्याचें वादन पुनः पुनः ऐकूं लागला, खेड्यापाड्यांतून हिंडूं लागला, आणि सन १७९६ मध्यें त्यानें सहासष्ट चालींचें पुस्तक छापलें. चाली पियानोवर वाजवितां येतील अशा बेतानें मांडल्या होत्या. पुस्तकांत शब्द मात्र नव्हते.

यांत बंटिंगचा दोष काढणें सोपें आहे. त्यास आयरिश भाषा येत नव्हती. ज्या घरांत तो वाढला, ज्या शहरांत त्यानें नांव मिळविलें, तेथें सर्व व्यवहार इंग्रजींत चाले. आयरिश ही डोंगरांतल्या व पश्चिम किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांची भाषा. पण ज्या चाली त्यानें टिपल्या त्यांतील पुष्कळ चाली या मुळांत गाणीं होत्या. कोठें दीर्घ थांबावयाचें, कोठें सूर हलकेच सोडावयाचा, हें त्या गाण्यांतील शब्दांवर ठरत असे. शब्द वगळून चाल लिहिली म्हणजे तिची अक्षरें राहतात आणि विरामचिन्हें जातात.

हें बंटिंगच्या लक्षांत आलें नाहीं असें नव्हे. बेलफास्टमध्यें तो मॅक्रॅकन नांवाच्या कुटुंबांत राहत असे. त्या घरचा मुलगा हेन्री सन १७९८ च्या बंडांत फांशीं गेला होता. त्याची बहीण मेरी ॲन ही बंटिंगच्या कार्याची मोठी आधारस्तंभ. सन १८०२ मध्यें या मंडळींनीं पॅट्रिक लिंच नांवाच्या एका शाळामास्तराला पश्चिमेकडील कॉनॉट प्रांतांत पाठविलें. लिंच आयरिश उत्तम जाणे. बेलफास्टमध्यें तो ही भाषा शिकवी, आणि सन १७९५ मध्यें निघालेल्या एका छोटेखानी आयरिश मासिकांत त्याचा हात होता. त्याचें काम एवढेंच कीं, ज्यांच्या चाली बंटिंगनें टिपल्या त्या गाण्यांचे शब्द गाणाऱ्यांच्या तोंडून उतरून घ्यावयाचे. लिंच बराच प्रवास पायीं करी. एखाद्या खेड्यांत चार दिवस मुक्काम करावा, गाणारा कोण आहे याची चौकशी करावी, त्याला पेला पाजावा आणि कागद पुढें ओढावा, असा त्याचा क्रम होता. खर्चास पैसे पुरत नाहींत अशीं त्याचीं पत्रें बेलफास्टला येत. मास्तरांच्या नशिबीं हें सर्वत्र सारखेंच दिसतें.

लिंचनें पुष्कळ गाणीं आणलीं. आतां सूर एका वहींत व शब्द दुसऱ्या वहींत होते. दोहोंची जोडणी करून पुस्तक छापणें तेवढें उरलें होतें. पण दुसऱ्याच वर्षीं विपरीत घडलें. टॉमस रसेल हा बंडवाला पकडला गेला. तो बेलफास्टच्या ग्रंथालयाचा जुना ग्रंथपाल आणि लिंचचा आयरिशचा विद्यार्थी. सरकारनें लिंचला धरून आणून साक्षीस उभें केलें, आणि त्यानें न्यायालयांत आपला विद्यार्थी ओळखला. ऑक्टोबर १८०३ मध्यें रसेलला फांशीं दिलें. ज्या घराचा मुलगा फांशीं गेला होता त्या घरीं यानंतर लिंचला कोणत्या तोंडानें जातां येणार होतें? सन १८०९ मध्यें बंटिंगचें दुसरें पुस्तक निघालें, त्यांत या वेळीं शब्द होते. पण ते कवींकडून करवून घेतलेले इंग्रजी शब्द होते. लिंचच्या साक्षीमुळें त्याचीं गाणीं बाजूस पडलीं, असें कांहीं अभ्यासक मानतात. याहून साधें कारणही आहे. पियानो विकत घेणारीं घरें डब्लिन व लंडन येथें होतीं, आणि तेथें आयरिश वाचणारा कोणी नव्हता.

त्याच सुमारास, सन १८०८ पासून, टॉमस मूर हा कवि आयरिश चालींवर स्वतःचीं इंग्रजी गीतें रचून प्रसिद्ध करूं लागला. त्यांतील कित्येक चाली त्यानें बंटिंगच्या पहिल्या पुस्तकांतून उचलल्या होत्या. मूरचीं गीतें लंडनच्या दिवाणखान्यांतून अतोनात गाजलीं. बंटिंगला याचें दुःख झालें. मूरमुळें आयर्लंडचे सूर जगभर पोंचले हें नाकारतां येत नाहीं. परंतु ज्या चालीवर एखादी आई आपल्या बुडालेल्या मुलासाठीं शोक करीत होती, तीच चाल आतां भलत्याच भावनेचें ओझें वाहूं लागली, आणि ऐकणाऱ्यास त्याचा पत्ताही नव्हता. लिंचच्या वह्या बंटिंगच्या कुटुंबांत कागदपत्रांच्या गठ्ठ्यांत पडून राहिल्या.

इकडे ज्या लोकांच्या तोंडून हीं गाणीं घेतलीं, त्यांचें काय झालें तें पाहिलें पाहिजे. सन १८३१ मध्यें आयर्लंडांत सरकारी प्राथमिक शाळांची योजना सुरू झाली, शिक्षण इंग्रजींतून. मुलांच्या गळ्यांत एक काठी बांधण्याची चाल तेव्हां अनेक ठिकाणीं होती. मूल आयरिश शब्द बोललें कीं काठीवर एक खांच पाडावयाची, आणि सायंकाळीं खांचा मोजून तितका मार द्यावयाचा. यांत वाईट गोष्ट ही कीं, खांच पाडणारे पुष्कळदां मुलाचे आईबापच असत. त्यांस स्वतःला इंग्रजी येत नसे, आणि मुलाला पोट भरावयाचें तर तें आलें पाहिजे, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. पुढें सन १८४५ पासून बटाट्याचें पीक सडलें आणि दुष्काळ पडला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, त्याहून अधिक देश सोडून गेलीं. मेलेले व गेलेले यांत बहुसंख्य पश्चिमेकडील गरीब, म्हणजे आयरिश बोलणारेच होते. सन १८५१ च्या खानेसुमारींत आयरिश जाणणारे पंधरा लक्षांवर होते. सन १८९१ मध्यें ते सात लक्षांच्याही आंत आले.

या पडझडीच्या काळांत एक प्रसंग घडला तो सांगण्याजोगा आहे. सन १८५७ मध्यें जॉर्ज पेट्री हा संग्राहक व यूजीन ओकरी हा आयरिश पंडित असे दोघे पश्चिम समुद्रांतील ॲरन बेटांवर गेले. एका झोंपडींत गाणारीं माणसें बोलाविलीं. चुलीजवळ एका बाजूस ओकरी बसून शब्द लिहून घेई. मग पेट्री सूर टिपी, आणि टिपलेली चाल स्वतःच्या व्हायोलिनवर वाजवून गाणाऱ्यास विचारी कीं, बरोबर आहे ना? सूर व शब्द एका बैठकींत, एका चुलीशीं, उतरवून घेतले गेले. कामाची खरी रीत ती हीच.

पण ती रीत पुढें चालली नाहीं. सन १८९३ मध्यें डग्लस हाइड यानें कॉनॉटच्या प्रेमगीतांचें पुस्तक काढलें. हाइड हा प्रॉटेस्टंट पाद्र्याचा मुलगा. लहानपणीं आजारामुळें घरीं राहिला आणि शिकारीच्या रानाचा राखणदार व आसपासचे म्हातारे यांच्यापासून आयरिश शिकला. आरंभीं शुद्धलेखन येत नसल्यानें रोजनिशींत कानास येईल तसें लिही. त्याच्या पुस्तकांत मूळ आयरिश शब्द होते, पण चाली नव्हत्या. उलट, सन १९०३ मध्यें अमेरिकेंत शिकागो पोलिसांचा प्रमुख फ्रान्सिस ओनील यानें साडेअठराशें आयरिश चालींचा ग्रंथ छापला. शिपाई, मजूर, जो कोणी नवा आयरिश माणूस शहरीं येई त्याच्याकडून तो चाली मिळवी. त्यास स्वरलेखन येत नव्हतें. तो बांसरीवर वाजवून दाखवी व त्याच आडनांवाचा दुसरा एक गृहस्थ लिहून घेई. त्या ग्रंथांत चालींचीं नांवें आयरिशमध्यें होतीं, शब्द नव्हते. समुद्राच्या एका तीरावर शब्द, दुसऱ्या तीरावर सूर!

तथापि हाइडनें दुसरें एक काम केलें. सन १८९३ च्या जुलैअखेर त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं डब्लिनमध्यें गेलिक लीग ही संस्था स्थापन केली. दिवसभर दुकानांत व कचेरींत राबणारे कारकून सायंकाळीं तिच्या वर्गांत आयरिश शिकूं लागले. वर्गास जोडून गाणें व नृत्य असे. सन १८९७ मध्यें लीगच्या लंडन शाखेनें संगीत-नृत्याचा जो मेळा भरविला, त्याच्या धर्तीचे मेळे मग सर्वत्र होऊं लागले. या तरुणांपैकीं किती जण व्याकरणासाठीं येत आणि किती जण नृत्यासाठीं, याचा हिशेब लीगनें ठेविला नाहीं हें बरेंच झालें. भाषा शिकण्यास जो कोणत्या निमित्तानें येईल त्याला येऊं द्यावें. हाइड पुढें, सन १९३८ मध्यें, आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

लिंचच्या वह्यांचें दैव विसाव्या शतकाच्या आरंभीं उघडलें. शार्लट मिलिगन फॉक्स या बाईंनीं बंटिंगच्या वंशजांकडून ते कागद मिळविले व सन १९११ मध्यें त्यांवर ग्रंथ लिहिला. सन १९२७ पासून डोनल ओसलिव्हन यानें बंटिंगच्या चाली व लिंचचे शब्द एकत्र छापण्यास आरंभ केला. मास्तरनें पायीं हिंडून आणलेल्या शब्दांस आपल्या सुरांशेजारीं बसावयास सव्वाशें वर्षें लागलीं.

आणि शेवटीं एकाच माणसांत दोन्ही विद्या एकवटल्या. सन १९४२ मध्यें सरकारच्या लोकवाङ्मय मंडळानें शेमस एनिस या तेवीस वर्षांच्या तरुणास नेमलें. कोपरानें भाता दाबून वाजवावयाच्या आयरिश पाइपवाद्यावर त्याचा हात बसलेला होता. आयरिश अस्खलित बोले, आणि ऐकलेला सूर तत्काळ लिही. युद्धाचे दिवस, त्याच्याजवळ सायकल, टांक आणि कागद. कॉनमाऱ्याच्या किनाऱ्यावर कोलम ओ कीयान या शेतकरी-कोळ्याकडे तो वारंवार जाई, त्याच्याबरोबर गवत वाळवी, समुद्रशैवाल ओढी, आणि कामाच्या मधून गाणीं घेई. एकट्या त्याच्यापासून एनिसनें दोनशेंहून अधिक गाणीं व चाली टिपल्या.

एनिसनें जें ऐकलें त्यास आयरिशमध्यें ‘शान-नोस’, म्हणजे जुनी रीत, म्हणतात. गाणारा एकटाच गातो. वाद्याची साथ नाहीं, ताल बांधलेला नाहीं. शब्द लांबेल तशी चाल लांबते. एका कडव्यांत जो सूर सरळ आला तोच दुसऱ्या कडव्यांत, अक्षरें बदललीं म्हणून, वळसा घेऊन येतो. पियानोच्या मोजलेल्या मात्रांत हें बसत नाहीं. म्हणूनच विलंबित चाल वाजविणाऱ्या वादकानें आधीं तिचे शब्द शिकावे, असें जाणते वादक अद्यापि सांगतात. केवळ सुरांवर मोहित होऊन परदेशांतून आलेला एखादा व्हायोलिनवाला अशा रीतीनें आयरिशच्या बाराखडीपाशीं येऊन पोंचतो.

सन २०२२ च्या आयर्लंडच्या खानेसुमारींत आयरिश बोलतां येतें असें लिहून देणारे पावणेएकोणीस लक्षांच्या घरांत होते. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र बहात्तर हजारांच्या जवळपास. यांतील पहिला आंकडा हाइडच्या लीगचें यश दाखवितो. दुसरा त्या काठीवरच्या खांचा. दरवर्षीं गेलिक लीगच्या उत्सवांत शान-नोस गाण्याची मोठी स्पर्धा भरते व ती रेडिओवरून ऐकवितात. गाणारा डोळे मिटून उभा राहतो. कोणी शेजारी त्याचा हात हातांत धरतो. आणि शेवटच्या ओळीशीं आल्यावर, कांहीं गाणारे जुन्या रिवाजाप्रमाणें, सूर सोडून तेवढे शब्द साध्या आवाजांत नुसते बोलतात व खालीं बसतात.