कुंत्सेवो, मार्च १९५३: समोर दिसत असलेला पक्षाघात

२८ फेब्रुवारी १९५३, रात्र
क्रेमलिनमध्ये चित्रपट पाहून सोव्हिएत नेता स्टालिन आपल्या चौघा सहकाऱ्यांना मॉस्कोलगतच्या कुंत्सेवोच्या बंगल्यावर जेवायला घेऊन आला: बेरिया, मालेन्कोव, ख्रुश्चेव आणि बुल्गानिन. स्टालिनचं वय ७४, रक्तदाबाचा जुना त्रास. विश्रांती घ्या म्हणून सांगणारे डॉक्टर व्हिनोग्रादोव तेव्हा तुरुंगात होते.

१ मार्च, पहाटे ४ च्या सुमारास
पाहुणे गेले. स्टालिन तेव्हा चालता-बोलता होता.

दुपार
खोलीत हालचाल नाही. बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा दंडक. रक्षक अस्वस्थ, पण आत जायची कुणाची छाती होईना.

संध्याकाळी साडेसहा
आत दिवा लागला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग पुन्हा काहीच नाही.

रात्री साडेदहाच्या आसपास
(या वेळा रक्षकांच्या आठवणींतल्या, त्या थोड्या मागेपुढे होतात.) टपालाचं निमित्त करून लोझगाचेव हा रक्षक आत गेला. स्टालिन टेबलाजवळ जमिनीवर पडलेला, कपडे लघवीने भिजलेले. त्याने हात किंचित उचलला; तोंडून शब्द फुटेना, नुसता अस्पष्ट आवाज. त्याला कोचावर निजवलं. तो घोरू लागला.

खरं तर निदान इथेच झालं होतं. वाचा गेलेली, अंगातला जोर गेलेला, लघवीवरचा ताबा सुटलेला. अंगावरून वारं गेलेला माणूस ज्या आजीने एकदा पाहिलाय, तिला हे सांगावं लागत नाही. आणि ते घोरणं? शुद्ध हरपली की जीभ आणि घसा सैल पडतो, श्वास घरघरतो. हाक मारून, हलवूनही जो जागा होत नाही, तो झोपलेला नसतो.

रक्षकांनी फोन केले ते वरिष्ठांना. डॉक्टरांना नाही.

२ मार्च, पहाटे ३ च्या सुमारास
बेरिया आणि मालेन्कोव आले. साहेब गाढ झोपलेत, उगाच घबराट पसरवू नका, असं रक्षकांना दरडावून बेरिया निघून गेला.

सकाळी ७
अखेर डॉक्टर आले. डॉक्टर नेत्यांना मारू पाहतात, अशा कथित 'डॉक्टरांच्या कटा'ची बातमी जानेवारीतच छापून आली होती, त्यांचे सहकारी कोठडीत होते. तपासताना त्यांचे हात थरथरत होते. उजवा हात-पाय लुळा, रक्तदाब १९०/११०. कानांमागे जळवा लावल्या.

५ मार्च, रात्री ९.५०
मृत्यू. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या अर्धगोलात मोठा रक्तस्राव आढळला. उजवं अंग आणि वाचा का गेली, ते त्यातून उलगडतं.

डॉक्टर रात्रीच आले असते तरी तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही. १९५३ मध्ये सीटी स्कॅन नव्हता. आज आहे, म्हणूनच वाया गेलेला तास आज जास्त महाग पडतो. पक्षाघात गुठळीमुळे असेल तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक. स्कॅनशिवाय, नुसतं बाहेरून पाहून दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून घरात अ‍ॅस्पिरिन देऊ नका. पाणीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यांतलं एक जरी अचानक दिसलं, तरी 'झोपू दे, सकाळी बघू' म्हणू नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.