बतहाचा पाहुणेमहाल

'बतहा' हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. नातिया कलामात तो वारंवार येतो आणि मनात मक्केची भूमी उभी राहते. उर्दू शाळेच्या वर्गात आम्ही त्याचा साधा अर्थ सांगतो : वाळू-खड्यांचा सपाट, सखल भाग. मोरोक्कोतील फेस शहरातही एक बतहा आहे आणि तेथील महालाचे नाव आहे दारुल-बतहा.

सुलतान हसन पहिला (राज्यकाळ १८७३-१८९४) याने जुन्या आणि नव्या फेसच्या मधल्या जागेत तो बांधायला घेतला. मुलगा अब्दुल अझीझ याच्या काळात काम पूर्ण झाले. परदेशी वकील आणि बडे पाहुणे यांचे येथे स्वागत होई. पण १९१२ च्या फेस तहाने मोरोक्को फ्रान्सच्या 'संरक्षणा'खाली गेला. पाहुणाच घरमालक झाला! त्याच राजवटीत, १९१५ मध्ये, महालाचे संग्रहालय बनले. मदरशांतील कोरीव लाकूडकाम, फेसची निळी भांडी, कशिदाकारी, ग्रहताऱ्यांची उंची मोजणारी उस्तुरलाबे तेथे जमा झाली.

त्यांत अंदलुसी मशिदीचा मिंबर फार बोलका आहे. ही मशीद, परंपरेनुसार, करवीयीन उभारणाऱ्या फातिमा अल-फिहरी यांची बहीण मरियम यांनी नवव्या शतकात बांधली. मिंबर ९८० चा, फातिमी खिलाफतीच्या वर्चस्वाच्या काळातला. काही वर्षांतच कोर्दोव्याच्या उमय्यांच्या पक्षाने फेस घेतले आणि त्याची पाठ बदलून आपला लेख कोरला. फातिमी गेले, उमय्ये गेले, १९५६ मध्ये फ्रेंचही गेले. सगळे पाहुणेच ठरले. राहिले ते अनाम सुताराचे हात.

आता आपल्याकडे पाहू. मशिदीचे नूतनीकरण निघाले की जुना सागवानी मिंबर आणि कोरीव खांब काढले जातात, फरशा आणि ग्रॅनाइट बसतात. नमाजींची संख्या वाढते, जागा हवीच, हे आम्हाला मान्य आहे. पण काढलेले लाकूड जाते कोठे? त्यावरचा हिजरी सन कोणी उतरवून घेतला का? आपल्या इतिहासाविषयी इतर लोक चुकीचे लिहितात, ही तक्रार आपण नेहमी करतो. मग पुरावे आपणच भंगारात का द्यावेत?

बतहाचे संग्रहालय दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये पुन्हा खुले झाले. आपल्याला महाल नको. मशिदीच्या एका कोपऱ्यातील कुलूपबंद कपाट आणि एक नोंदवही, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.