चाळीस फुटी कॅमेऱ्याची कुळकथा

२२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गाच्या बाजूने किनाऱ्यावर चढली, सह्याद्री ओलांडून कराडच्या परिसरावरून पुढे सरकली आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून ईशान्येकडे निघून गेली; या पट्ट्याच्या उत्तरेस पडलेल्या खंडाळ्याच्या वाट्याला मात्र खंडग्रास ग्रहणच आले. जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे पथक होते, तसेच कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल एक अतिशय लांब कॅमेरा घेऊन आले होते.

या कॅमेऱ्याचे भिंग अवघे पाच इंच रुंद होते. अमेरिकेतील अल्व्हन क्लार्क यांच्या कारखान्यात घडलेले हे भिंग १८८२ मध्ये शुक्राच्या अधिक्रमणाची छायाचित्रे घेण्यासाठी वापरले गेले होते, आणि १८९३ मध्ये लिक वेधशाळेच्याच शेबर्ली यांनी चिलीतील ग्रहणासाठी त्याभोवती नवा कॅमेरा रचला. त्यांचा विचार मूलगामी होता. सूर्याच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगातून वळून एकेका ठरावीक जागी एकत्र येतात आणि तेथे सूर्याची उलटी प्रतिमा उमटते. तिचा आकार भिंगाच्या रुंदीवर नव्हे, तर भिंगापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतरावर, म्हणजे नाभीय अंतरावर, अवलंबून असतो. रुंदीमुळे प्रकाश अधिक मिळतो आणि बारकावे सुटे दिसतात, इतकेच. लहान प्रतिमा मागाहून मोठी करावी तर छायाचित्राच्या काचेवरील रासायनिक थराचे कणही मोठे होतात. म्हणून शेबर्लींनी चाळीस फूट नाभीय अंतर स्वीकारले, आणि त्यामुळे सूर्याची प्रतिमा थेट साडेचार इंचांच्या आसपास रुंद मिळू लागली. अंतर वाढले की प्रतिमा अंधूक होते, हा तोटा होताच. पण सूर्याभोवतीच्या तेजस्वी वलयाचा, म्हणजे किरीटाचा, आतला भाग तो सोसण्याइतका उजळ असतो.

एवढी लांब नळी सूर्यामागे फिरवणे शक्य नव्हते. आरसा लावून प्रकाश वळवावा, तर उन्हाने आरसा तापून प्रतिमा बिघडण्याची भीती होती. म्हणून नळी सूर्याच्या दिशेने रोखून स्थिर ठेवली आणि तळाशी छायाचित्राची काच घड्याळासारख्या यंत्राने सूर्याच्या गतीने सरकवली; साधेपणात या युक्तीला तोड नाही. चिलीत नळीला डोंगराच्या उताराचा आधार मिळाला होता, जेऊरच्या सपाट माळावर तो नव्हता, आणि सूर्य तर आकाशात बराच वर असणार होता. कॅम्पबेल यांनी तेथे एकात एक असे दोन मनोरे उभारले : आतल्यावर भिंग, बाहेरच्यावर नळी, आणि दोहोंचा एकमेकांस स्पर्श नाही, जेणेकरून वाऱ्याने नळी हलली तरी भिंग हलू नये. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली आणि तेवढ्या अवधीत किरीटाची छायाचित्रे हाती आली. पुढच्या मोहिमांतही हा दुहेरी मनोरा वापरला गेला.