सिराजचा गिला आणि मराठीतली गीतिका

गझल म्हटली की दिल्ली-लखनौ आठवते. पण ‘खबर-ए-तहय्युर-ए-इश्क’ या शब्दांनी ओळखली जाणारी गझल आपल्याच महाराष्ट्रातली. तिचे शायर सिराज औरंगाबादी, अठराव्या शतकातले सूफी.

आधी वृत्त पाहू. ही बहर ‘कामिल’. ‘मुतफाइलुन’ हा रुक्न एका मिसऱ्यात चार वेळा येतो. मराठीच्या तासाला करतो तसे लघु-गुरू मांडा : ल ल गा ल गा, असे चार वेळा, म्हणजे २० अक्षरे. आता तीन-तीन अक्षरांचे गण पाडा : स, ज, ज, भ, र, स आणि शेवटी ल, ग. हे तर संस्कृतातून आलेले गीतिका वृत्त! फरक उच्चारात आहे. वर दिलेल्या शब्दांतच इजाफतीचा ‘ए’ पहिल्यांदा गुरू आणि दुसऱ्यांदा लघु होतो. संस्कृत वृत्तात ‘ए’ गुरूच असतो.

रदीफ आहे ‘रही’, म्हणजे उरली. काफिये परी, हरी, भरी, धरी असे साधे, आणि त्यांच्या शेजारी बेखबरी, जल्वागरी हे फारसी घडणीचे. ‘से’च्या जागी येणारा ‘सीं’ दखनी वळणाचा.

पुनरुक्तीची खरी करामत पहिल्या शेरात आहे. तिथे ‘रहा’ तीनदा आणि ‘रही’ तीनदा येते. वेड, परी, तू, मी असे एकेक नाकारत शायर जातो आणि उरते फक्त बेखबरी. पुढे एका शेरात प्रियाच्या दुर्लक्षाचा गिला येतो : तक्रार कोणत्या जिभेने सांगू? मनाच्या रांजणात इच्छांची मदिरा होती, ती भरलेलीच राहिली. इथे ‘भरी रही’ ऐकायला समृद्ध वाटते, पण अर्थ आहे ‘कुणी प्यालेच नाही’. रदीफ तोच, दुःख नवे.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी फारसी वृत्ते मराठीत आणली, १९३३ साली ‘गज्जलांजली’ दिली. कोल्हापूर आमच्या मलकापूरपासून हाकेच्या अंतरावर. तरीही आपल्या मुलांना कुणी उर्दू परकी म्हणून सांगतो, तर कुणी मराठी ‘त्यांची’ म्हणून. अशा वेळी वाद घालत बसू नये. मुलाच्या हाती खडू द्यावा आणि फळ्यावर एका बाजूला रुक्न, दुसऱ्या बाजूला गण लिहायला सांगावे. मोजणी दोन्हीकडे २० च येते.